उसनवारीचं पुस्तक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या रमजान ईदला मुलगा आणि सून पुण्याहून आले होते. शिरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या, पाहुण्यांची वर्दळ ओसरली आणि दुपारी मुलगा माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे जाऊन उभा राहिला. शुक्रवार पेठेतलं आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. मागच्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली आणि ओलीपाठोपाठ वाळवी आली. खालचे दोन कप्पे तिनं कधी खाल्ले ते आम्हाला कळलंही नाही. मुलानं एक पुस्तक उचललं, तर पुठ्ठा तेवढा हातात आला. पानांची माती खाली सांडली.

तो म्हणाला, "अब्बा, आता मी तुम्हाला एक यंत्र घेऊन देतो. हजार पुस्तकं त्यात मावतील आणि वाळवी लागणार नाही. फक्त एवढं सांगा, टॅब घेऊ की ई-रीडर?"

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात कविता. मी विचारलं, "दोन्हींत फरक काय?" तो म्हणाला, "टॅबमध्ये सगळं असतं. ई-रीडरमध्ये फक्त पुस्तकं." मी म्हटलं, "मग ज्यात सगळं आहे तेच घ्यावं की. पैसे सारखेच लागणार असतील तर कमी माल कशाला घ्यायचा?" हा झाला कारखान्यातल्या कारकुनाचा हिशेब. तो हसून म्हणाला, "अब्बा, सगळं असतं हीच तर अडचण आहे."

शेवटी असं ठरलं की त्याचा जुना दहा इंची टॅब आणि सूनबाईंचा सहा इंची ई-रीडर, दोन्ही माझ्याकडे ठेवायचे. उन्हाळाभर वापरायचे आणि मग काय ते सांगायचं. त्या परीक्षेची ही हकिगत.

आधी दोन्हींतला फरक सांगतो. टॅबचा पडदा म्हणजे कंदिलाची काच. उजेड आत असतो, तो काचेतून आपल्या डोळ्यांवर येतो. ई-रीडरचा पडदा वेगळा. त्याला इलेक्ट्रॉनिक शाई म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत हे काम झालं आणि १९९७ साली त्यातून 'ई इंक' नावाची कंपनी निघाली. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे कण आणि काळे कण. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर उलटा. खालून जसा भार द्यावा तसे कधी पांढरे वर येतात, कधी काळे. काळे वर आले की तिथे अक्षराचा ठिपका दिसतो.

सोलापूरकरांना हे समजायला अवघड नाही. आपली जेकार्ड मागावरची चादर आठवा. एका बाजूला पांढऱ्यावर काळी नक्षी असेल, तर उलट्या बाजूला तीच नक्षी काळ्यावर पांढरी. धागे तेच, वर कोण आणि खाली कोण एवढाच प्रश्न. आणि चादर एकदा विणली की नक्षी टिकवायला माग चालू ठेवावा लागत नाही. तसंच इथे. पान एकदा उमटलं की ते तसंच राहतं, वीज लागते ती पान बदलताना. म्हणून ई-रीडरची बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते आणि टॅब रोज रात्री दोरीला बांधावा लागतो.

या शाईचं पहिलं वाचनयंत्र सोनी कंपनीनं २००४ साली जपानमध्ये विकायला काढलं. अ‍ॅमेझॉनचं किंडल आलं १९ नोव्हेंबर २००७ रोजी, किंमत ३९९ डॉलर. २०१० साली अ‍ॅपलचा आयपॅड आला आणि वाद सुरू झाला की आता नुसत्या वाचनाचं यंत्र कोण घेणार? पण ते यंत्र टिकलं. २०१२ साली किंडल भारतातल्या दुकानांत आलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यावर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं अधिकृतपणे मिळू लागली.

आता माझी परीक्षा. मे महिना. सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको, पारा चव्वेचाळीसच्या आसपास. आम्ही रात्री गच्चीवर झोपतो आणि सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत तिथेच असतो. पहिल्या दिवशी सकाळी टॅब उघडला. पडद्यावर पुस्तक दिसेना, माझंच तोंड दिसायला लागलं, आणि सकाळच्या वेळी ते काही वाचनीय नसतं. उजेड वाढवला, थोडं दिसलं. पण दहा-पंधरा मिनिटांत यंत्रानं सूचना दिली की ते तापलं आहे, थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी ई-रीडर घेतला. जितकं ऊन जास्त, तितकं अक्षर ठसठशीत. अगदी छापल्यासारखं. शिवाय हा ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आतला, तो टॅब अर्ध्या किलोच्या घरातला. आडवं पडून वाचणाऱ्याला तीनशे ग्रॅमचा अर्थ मनगट सांगतं. टॅब दोनदा माझ्या नाकावर पडला.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. टॅबवर कादंबरी वाचत होतो. नायिका विहिरीच्या काठाशी पोचली आणि वरून एक पट्टी सरकत आली, 'चादर-टॉवेलवर सवलत'. चादरीच्या कारखान्यात दिवस घालवून आलेल्या माणसाला हे! मग मेहुण्याचा निरोप, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे. तासाभरानं पाहिलं तर सहा पानं झाली होती, आणि नायिका विहिरीच्या काठाशीच उभी होती. सूचना बंद करता येतात हे मला माहीत आहे. पण हात चाळवतो, त्याची सूचना बंद करता येत नाही.

झोपेचंही तसंच. २०१४ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बारा जणांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्याच्या यंत्रावर वाचायला दिलं आणि पाच रात्री कागदी पुस्तक. यंत्रावर वाचलेल्यांना झोप यायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली, झोप आणणारं द्रव्य शरीरात उशिरा तयार झालं आणि सकाळी जडपणा राहिला. बारा माणसं म्हणजे काही फार नव्हेत. पण एक गैरसमज दूर करायला हवा. त्या प्रयोगातलं यंत्र टॅब होतं, शाईचा ई-रीडर नव्हे. नव्या ई-रीडरनाही दिवे असतात, पण ते कडेनं पानावर पडतात, मागून डोळ्यांवर येत नाहीत. ते मंद करता येतात, बंदही करता येतात.

एवढ्यावर मी निकाल देऊन मोकळा झालो असतो. पण मी मराठी वाचतो, आणि तिथे घोडं अडलं.

मराठीतली कितीतरी मोलाची पुस्तकं आज जालावर फुकट आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपले ग्रंथ संकेतस्थळावर ठेवले आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी हौसेनं पुस्तकं काढून वाटतात. पण यातलं बहुतेक पीडीएफ रूपात, म्हणजे पानाचा जणू फोटोच. आपलं नेहमीचं डेमी आकाराचं पान साधारण चौदा सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस उंच. सहा इंची ई-रीडरचा पडदा नऊ बाय बारा. एवढं पान तेवढ्यात बसवलं की अक्षर निम्म्याहून थोडंच मोठं उरतं. वाढवायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि डावीकडून उजवीकडे पान ओढत बसावं लागतं. दहा इंची टॅबवर मात्र तेच पान जवळजवळ मूळ आकारात दिसतं. शिवाय काही मराठी विक्रेत्यांची पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच उघडतात. ते अ‍ॅप टॅबवर चालतं, साध्या ई-रीडरवर चालत नाही.

दुसरी जात म्हणजे ओघवत्या अक्षरांची पुस्तकं. अक्षर लहानमोठं केलं की मजकूर आपोआप नव्यानं रचला जातो. कादंबरीला हे वरदान आहे, कवितेला नाही. एका मित्राची कविता मी ई-रीडरवर अक्षर मोठं करून वाचली. प्रत्येक लांब ओळ मोडून तिचा शेवटचा शब्द एकटाच खाली जाऊन बसलेला. कवीनं ओळीच्या टोकाला 'नाही' म्हटलं होतं, ते 'नाही' पुढच्या ओळीचं मालक झालं. अर्थ उलटला. यंत्र आडवं धरलं तेव्हा ओळ सलग झाली आणि मित्राची अब्रू वाचली.

तिसरी अडचण माझ्या घरातलीच. माझा पहिला संग्रह १९९८ साली निघाला, प्रती तीनशे. खालच्या कप्प्यात होत्या त्या वाळवीनं वाचल्या. आता माझ्याकडे चार उरल्या आहेत. म्हटलं, याचं ई-पुस्तक करावं. प्रकाशकाकडून जुनी सीडी मिळवली, फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि स्वल्पविरामांची रांगोळी. त्या काळातले बरेचसे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. तो फॉन्ट असला तर 'क' दिसणार, नसला तर भलतंच चिन्ह. जगातल्या सगळ्या लिप्यांना ठरलेले क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ पासून होती, पण आपल्या छपाईत ती रुळायला बरीच वर्षं लागली. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांचं ई-पुस्तक होत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. मी चौसष्ट कविता टॅबवर बोटानं पुन्हा टंकल्या. तीन आठवडे लागले. टॅबवर लिहिता येतं, हा त्याचा गुण मला मान्य करावाच लागेल. टंकता टंकता एक कविता गाळली. वाळवीला पटली होती, मला नाही पटली.

पत्नी उर्दू शाळेत शिकवते. तिचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे तिरकी उतरत जाते, अक्षर अक्षराच्या खांद्यावर बसतं. 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर जुनी उर्दू पुस्तकं हजारोंनी आहेत, पण ती पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. त्यांना मोठा पडदाच हवा. ती म्हणाली, "मेरेकू टॅबच हुना." विषय संपला.

आता गुरुजी. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक आहेत, वय चौऱ्याऐंशी. घरी कन्नड, शिकवलं आयुष्यभर मराठी. मी सहावीत असताना, १९८०-८१ च्या सुमाराला, त्यांच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात दोनेकशे पुस्तकं आणि वर एक वही. नाव, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. गल्लीतल्या कुठल्याही मुलानं यावं, वहीत लिहावं आणि पुस्तक न्यावं. माझे वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळायची. आमच्या घरात पुस्तक विकत घेणं ही कल्पनाच नव्हती. मी नेलेलं पहिलं पुस्तक 'श्यामची आई'. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी मोठ्यानं वाचायचो. तिला मराठी अर्धवट समजायचं, पण आई काय बोलते ते सगळं समजायचं. एकदा तिनं सूप बाजूला सरकवलं. तंबाखू ओली झाली तर हजारीतून पैसे कापतात म्हणून.

त्या गुरुजींना गेली तीन वर्षं वाचता येत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, पण ज्यावर नजर लावावी तेच पुसट होतं. मी दोन्ही यंत्रं घेऊन गेलो. मनातून मला वाटत होतं की ई-रीडरच त्यांना उपयोगी पडेल, कागदासारखा म्हणून. त्यांनी हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला आणि परत दिला. म्हणाले, "राखाडीवर काळं आहे रे, सापडत नाही." मग टॅब दिला. काळी जमीन, पांढरी अक्षरं, उजेड पूर्ण, अक्षर जवळजवळ बोटाच्या पेराएवढं. एका वेळी पडद्यावर जेमतेम पाच-सहा शब्द. गुरुजींनी मान थोडी तिरकी केली, कडेच्या नजरेनं पाहिलं आणि पहिला शब्द वाचला. मग दुसरा. एक वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. वाक्य संपल्यावर त्यांनी टॅब मांडीवर ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हणाले, "पाणी येतं हल्ली." मीही तेच कारण सांगितलं असतं.

टॅब मजकूर वाचूनही दाखवतो. मजकूर युनिकोडमध्ये हवा, फोटोचं पान त्याला वाचता येत नाही. आवाज ऐकून गुरुजी खळखळून हसले. यंत्र 'चमचा'मधला 'च' 'चहा'तल्यासारखा म्हणत होतं. "याला माझ्या वर्गात बसव," म्हणाले.

म्हणजे मी मनात दिलेला निकाल चुकला होता. डोळे शाबूत असलेल्या माणसानं दुसऱ्याच्या डोळ्यांचा निर्णय घेऊ नये.

निघताना मी म्हटलं, "गुरुजी, टॅब तुमच्याकडेच राहू द्या. मुलाचा जुना आहे, त्याला मी विचारलंय." ते म्हणाले, "आधी वही आण." तीच जुनी वही. माझ्या हातानं त्यांनी लिहून घेतलं: त्यांचं नाव, 'टॅब, एक नग', नेल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा.

त्या वहीनं मला रात्रभर झोपू दिलं नाही, आणि त्यात पडद्याच्या उजेडाचा दोष नव्हता. मी विचार करत होतो, आज कुणी सहावीतला मुलगा माझ्याकडे आला, तर मी विकत घेतलेलं ई-पुस्तक त्याला उसनं देऊ शकेन का? एरवी नाही. ते माझ्या खात्याला बांधलेलं असतं. खरं तर ते माझंही नसतं, मला फक्त वाचण्याचा परवाना मिळालेला असतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं हक्काच्या वादावरून जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तकं लोकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली. पैसे परत दिले आणि पुढे माफीही मागितली. पण विकलेलं पुस्तक घरात शिरून परत नेता येतं, हे त्या दिवशी जगाला कळलं. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा घेतलेली पुस्तकंही गेली. पैसे परत मिळाले, समासातल्या खुणा नव्हे. आणि विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेनं किंडलमध्ये घालण्याची सोय अ‍ॅमेझॉननं २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. वाळवी निदान आवाज न करता खाते.

पण दुसरी बाजूही आहे. आपल्या कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यामुळे २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही कुणालाही देऊ शकतो, एक प्रत काय आणि शंभर काय. हरिभाऊ आपटे, केशवसुत तर कधीचेच मोकळे झाले आहेत. अशी फाइल दोन्ही यंत्रांत घालता येते आणि मित्रालाही पाठवता येते. माझ्या त्रेसष्ट कविता मी अशाच मोकळ्या सोडल्या आहेत.

तेव्हा श्रोतेहो, यंत्र घ्यायचं असेल तर दुकानात जाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी काय वाचतो? कादंबऱ्या आणि नवी पुस्तकं असतील तर ई-रीडर. जुनी पीडीएफ, उर्दू, चित्रांची किंवा मुलांच्या अभ्यासाची पुस्तकं असतील तर टॅब. कधी आणि कुठे वाचतो? उन्हात आणि झोपताना ई-रीडर. डोळे कसे आहेत? नजर अधू असेल तर दोन्ही हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जे पुस्तक आपल्यामागे कुणाला तरी द्यावंसं वाटेल, ते कागदावर घ्या आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

मुलानं मला ई-रीडर घेऊन दिला. पंधरा दिवस झाले नसतील, तर गल्लीतली एक बारावीची मुलगी आली. तिची आजी माझ्या आईबरोबर विड्या वळायची. म्हणाली, "चाचा, ते वाचायचं मशीन बघू?" पुस्तक उसनं देता येत नाही, पण यंत्र तर देता येतं! खरेदीला कुलूप लावलं आणि आठ दिवसांसाठी दिलं. त्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणून चार रकाने आखले.

काल ती विचारायला आली होती, "चाचा, अजून आठ दिवस ठेवू का?" मी वहीतली तारीख खोडून पुढची लिहिली. सध्या मी वरच्या कप्प्यातली, वाळवीनं सोडलेली पुस्तकं वाचतो आहे.